कारकुनी सोडून मास्तरकी

शाळेच्या वार्षिकासाठी 'जुन्या विद्यार्थ्याच्या नात्याने चार शब्द' लिहून द्यावेत, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा प्रथम आम्ही नाहीच म्हणणार होतो. ज्या शाळेत आमच्या निबंधाच्या वहीवर लाल शाईचा पाऊस पडे, त्याच शाळेच्या अंकात आमचा निबंध छापून यावा, हे जरा धाडसाचेच. परंतु त्याच आठवड्यात एक प्रसंग असा घडला की, लिहिणे प्राप्त झाले.

आमच्या शेजारी एक तरुण राहतो. वय अठ्ठावीस, आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी, संगणकाच्या एका कंपनीत चांगल्या पगारावर आहे. एके दिवशी संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि थोडे इकडचे तिकडचे बोलून म्हणाला, "आजोबा, मी नोकरी सोडून परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे म्हणतो. आपण गेला होतात ना? जाऊ का?" आम्ही काही उत्तर देण्यापूर्वीच त्यास घरून हाक आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मातोश्री आल्या. त्या म्हणाल्या, "काका, तो तुमचे ऐकतो. त्याला एवढे सांगा की, जाऊ नकोस." एकाच घरातून दोन अर्ज, आणि दोन्ही परस्परविरुद्ध! आम्ही दोघांसही म्हणालो, "विचार करून सांगतो." तो विचार म्हणजेच हा लेख होय. विद्यार्थ्यांनी तो मुलाच्या बाजूने वाचावा, पालकांनी आईच्या बाजूने वाचावा, आणि शेवटी एकमेकांशी बोलावे.

आम्ही या शाळेत शिकत होतो तेव्हा मराठी तुकडीस इंग्रजी आठवीपासून सुरू होई. तेराव्या वर्षी परकी मुळाक्षरे गिरवू लागलेला मुलगा दोन वर्षांत ती भाषा बोलेल कोठून? वर्गात इंग्रजीचा तास आला की, आम्ही पुढील बाकावरील धिप्पाड मुलाच्या पाठीमागे दडून बसत असू. १९५७ साली एस. एस. सी. झालो, इंग्रजीत काठावर सुटलो आणि एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमचे वडील प्राथमिक शाळेचे शिक्षक. तीस वर्षे खेडोपाडी बदल्या सोसून, एकाच कोटावर पाच दिवाळ्या काढून त्यांनी आम्हां भावंडांस वाढविले. ज्या दिवशी आमची नोकरी कायम झाली, त्या दिवशी त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाले, "आता तुला खडू हातात धरावा लागणार नाही." या वाक्याचे ओझे किती होते, हे आम्हांस पुढे कळले.

कचेरीत आमचे काम आवक-जावक नोंदवण्याचे. आलेले पत्र नोंदवावे, त्यावर क्रमांक घालावा, ते पुढल्या मेजावर पाठवावे. ही निंदा नव्हे. असे काम कोणी तरी नीट केले म्हणूनच राज्ये चालतात. परंतु सात वर्षांनंतर आमच्या ध्यानात आले की, आम्ही हजारो पत्रांवर क्रमांक घातले, पण त्यांतील एकही पत्र आम्हांस उद्देशून नव्हते. सकाळचे महाविद्यालय करून आम्ही बी. ए. झालो होतो. इंग्रजी विषय मुद्दामच घेतला होता. ज्या कुत्र्यास भ्यावे त्यासच पाळावे, असा आमचा विचार. तशात एका रात्रशाळेतील शिक्षक आजारी पडले आणि तेथील चालकांनी ओळखीने आम्हांस पंधरा दिवसांसाठी बोलाविले. त्या पंधरा दिवसांची पाच वर्षे झाली.

रात्रशाळेत दिवसभर कारखान्यात, हमालीत किंवा उपाहारगृहात राबलेले लोक येत. त्यांत आमच्याहून वयाने मोठे असे एक गृहस्थ होते. यंत्रास तेल देण्याचे त्यांचे काम. एके रात्री ते वर्ग सुटल्यावर थांबले आणि म्हणाले, "मास्तर, माझ्या यंत्रावर एक पाटी आहे. बारा वर्षे मी ती रोज पुसतो. आज वाचली." पाटीवर काय लिहिले होते ते त्यांनी सांगितले, ती साधी 'हात दूर ठेवा' अशी सूचना होती. आम्ही हसलो, तेही हसले. घरी जाताना मात्र आमच्या मनात आले की, सात वर्षांच्या नोंदवहीत या एका ओळीच्या तोडीचे काय आहे? पुढे बिनपगारी रजा काढून आम्ही बी. एड. झालो. वडिलांस सांगितले की, बढतीसाठी पदवी उपयोगी पडते. आम्ही त्यांच्याशी बोललेले हे पहिले मोठे असत्य.

त्या काळी आफ्रिकेतील इथिओपिया या देशात शेकडो हिंदुस्थानी शिक्षक काम करीत. त्या देशात सातव्या इयत्तेपासून पुढील सर्व विषय इंग्रजीतून शिकविले जात. शाळा झपाट्याने वाढत होत्या आणि शिकविणारे अपुरे पडत होते. म्हणून तेथील शिक्षणखात्याची माणसे इकडे येऊन पदवीधर शिक्षकांची निवड करीत. आम्ही अर्ज केला, मुलाखत दिली आणि निवड झाल्याचे पत्र आले. आयुष्यात प्रथमच आम्हांस उद्देशून आलेले ते टपाल होते. करार दोन वर्षांचा. पण तेवढ्यासाठी कचेरी रजा देणार नव्हती. राजीनामा द्यावा लागणार होता, आणि राजीनाम्याबरोबर चौदा वर्षांच्या सेवेवरील निवृत्तिवेतनाचा हक्कही जाणार होता.

वडिलांस पत्र दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले. "हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागतोस," एवढेच प्रथम म्हणाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "मास्तरकीत काय मिळते ते मी भोगले आहे. तुझ्यासाठी मी दुसरे मागितले होते." आम्ही युक्तिवाद पुष्कळ तयार ठेवले होते, पण या वाक्यास उत्तर नव्हते. पत्नी मात्र म्हणाली, "जा. नाही तर ही गोष्ट आपण आयुष्यभर जेवताना ऐकत बसू." दोन लहान मुलांस घेऊन ती माहेरी राहिली. निघताना वडील स्थानकावर आले, पण एक शब्द बोलले नाहीत. गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्यांनी एक पुडी आत दिली. उघडून पाहतो, तो पांढऱ्या खडूंची होती.

सन १९७१ च्या सप्टेंबरात आम्ही विमानाने आदिस अबाबा या राजधानीस उतरलो. वय एकतीस. तेथून आमच्या नेमणुकीचे गाव देब्रे मार्कोस हे वायव्येस सुमारे तीनशे किलोमीटरांवर, गोज्जम प्रांतात. वाटेत आबाय नदीची दरी लागते. आबाय म्हणजे नील नदीची निळी शाखा. सपाट पठारावरून चाललेली मोटार एकाएकी जमीन संपावी तशी कडेला येते आणि वळणावळणांनी हजार मीटरांहून अधिक खाली उतरते. तळाशी पूल आणि उकाडा. मग तितकेच पुन्हा वर. खंडाळ्याच्या घाटाचे कौतुक करणारे आम्ही त्या दिवशी डोळे मिटून बसलो होतो. देब्रे मार्कोस महाबळेश्वराहूनही हजार मीटरांहून अधिक उंच. त्यामुळे विषुववृत्ताजवळचा देश म्हणून नेलेले आमचे पातळ सदरे पेटीतच राहिले.

वर पठारावर आलो, तो दोन्ही बाजूंस पिवळीधमक शेते. सहप्रवाशास खुणेने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "नूग." उतरून जवळून पाहिले. अहो, ती कारळ्याची फुले! आमच्या आईच्या हातच्या चटणीतील कारळे येथे तेलासाठी पिकवितात. परक्या मुलखात प्रथम ओळख दिली ती या पिकाने. पुढे आणखी ओळखी निघाल्या. तेफ नावाच्या, खसखशीहूनही फार मोठ्या नसलेल्या धान्याचे पीठ आंबवून केलेली त्यांची 'इंजेरा' ही आपल्या आंबोळीची मोठी बहीण. आणि डाळीच्या पिठाचे 'शिरो' म्हणजे तिखट पिठलेच. आम्ही शाकाहारी घरातले. पण तेथील लोक बुधवारी व शुक्रवारी उपवास पाळतात आणि त्या दिवशी मांस, दूध, लोणी काहीच खात नाहीत. त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस सारे गाव आमच्या पंक्तीस बसे.

घड्याळाने मात्र फजिती केली. मुख्याध्यापकांनी निरोप धाडला की, उद्या दोन वाजता शाळेत यावे. आम्ही सकाळी कपडे धुतले, जेवलो, थोडी झोप काढली आणि दुपारी दोनास हजर झालो. शाळेचा निम्म्याहून अधिक दिवस संपला होता! त्या देशात दिवस सूर्योदयापासून मोजतात; आपले सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. आपले आजोबा घटका सूर्योदयापासूनच मोजीत. त्यांस ही चूक झाली नसती. त्यांचे वर्षही तेरा महिन्यांचे. बारा महिने तीस तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. सालही आपल्याहून सात-आठ वर्षे मागे. पत्नीस लिहिले, "येथे १९६४ साल नुकतेच सुरू झाले असून आम्ही सात वर्षांनी लहान झालो आहोत." तिने उलट लिहिले, "म्हणजे आपले लग्न व्हावयाचेच आहे. पुन्हा विचार करून ठेवते."

एवढी गंमत झाली. आता जी गोष्ट सांगावयाची ती.

आमच्याकडे आठवीचे दोन वर्ग आले. एकेका वर्गात साठावर मुले. आम्ही पहिल्या दिवसापासून ज्या पद्धतीने स्वतः शिकलो होतो त्याच पद्धतीने शिकवू लागलो: नामाची व्याख्या, क्रियापदाची व्याख्या, काळांचे तक्ते, सर्व घोकून. मुले उभी राहत, नमस्कार करीत, लिहून घेत आणि गप्प बसत. शेजारच्या वर्गात एक अमेरिकन तरुण शिकवीत असे. अमेरिकन सरकारच्या पीस कोअर या संस्थेमार्फत १९६२ पासून असे पुष्कळ तरुण त्या देशात येत असत. त्याच्या वर्गातून गाणी आणि हसणे ऐकू येई. आमच्या वर्गातून एक कोरस तेवढा ऐकू येई. त्याचे इंग्रजी आईच्या दुधाबरोबर आलेले. आमचे तेराव्या वर्षी, लाल शाईतून. मुले 'द'कारास 'झ'कार करून 'दिस'चे 'झिस' म्हणत, आणि आमच्या तोंडी 'व्ही' व 'डब्ल्यू' एकच होते. कोणी कोणास सुधारावे? रात्री दिवा मालवून आम्ही स्वतःस विचारीत असू की, हा देश आमच्या इंग्रजीवर पैसा खर्च करतो आहे, तो फसवणुकीचा तर नाही?

पहिली चाचणी झाली. साठांपैकी अकरा मुले उत्तीर्ण. नापासांत एक मुलगा होता, त्याच्याविषयी गणिताच्या शिक्षकांनी आम्हांस बोलाविले. ते केरळचे होते आणि फार प्रेमळ. त्यांनी त्याची उत्तरपत्रिका पुढे ठेवली. आकड्यांची सारी उदाहरणे बरोबर. शब्दांत मांडलेली सारी कोरी. ते म्हणाले, "या मुलास गणित येते. त्यास प्रश्नच समजत नाही. हे तुमचे काम आहे." त्या दिवशी आम्हांस कळले की, या मुलांचे केवळ इंग्रजी नापास होत नाही; त्यांचा भूगोल, विज्ञान, गणित, सारे काही आमच्या हातून नापास होते. तो मुलगा लांबच्या खेड्यातला. दोघा सोबत्यांबरोबर एक खोली भाड्याने घेऊन राहत असे. दर शनिवारी पायी घरी जाई आणि आठवड्याची भाकरी पाठीवर बांधून आणी. आमच्या वडिलांनी माधुकरी मागून विद्या केली होती. त्या मुलाचे पाय पाहून आम्हांस ते आठवले.

अशा मनःस्थितीत आम्ही वडिलांस पत्र लिहिले. तोवर केवळ खुशाली कळवीत होतो. या वेळी सर्व खरे लिहिले. बढतीचे असत्यही कबूल केले. टपालास पंधरा-वीस दिवस लागत. उत्तर येईल की नाही, ही शंका होती. आले. अर्धे पान होते. "तू त्यांस शिकवितोस, हे बरोबर आहे," असे वडिलांनी लिहिले होते. "पण तू त्यांच्याकडून काय शिकलास? आदिवासी वाडीवर माझी बदली झाली तेव्हा मी सहा महिने काही शिकवू शकलो नाही. मग मुलांपाशी त्यांची बोली शिकू लागलो. गुरुजी चुकतात हे त्यांनी पाहिले, तेव्हा त्यांची चुकण्याची भीती गेली. खडू संपले असल्यास कळव."

आम्ही त्याच आठवड्यात त्या मुलास शाळेनंतर घरी बोलाविले आणि पाटी त्याच्या हाती दिली. आमच्या वर्गातील नापास मुलगा आमचा गुरू झाला. अम्हारिक लिपीत मूळ अक्षरे तेहेतीस, आणि प्रत्येकाची स्वरांप्रमाणे सात रूपे. ती आपली बाराखडीच. फक्त 'सातखडी' म्हणावी. 'क'ला काना, मात्रा लावणाऱ्यास ही रीत परकी नाही. परंतु त्या भाषेत काही वर्ण घशात झटका देऊन काढावे लागतात, ते आम्हांस काही केल्या जमेनात. मुलगा तोंडावर हात ठेवून हसे. मग दोन मुले आली, मग सहा. साठ मुलांस गप्प बसविणारा शिक्षक सहा मुलांपुढे अडखळू लागला, आणि ती मुले न घाबरता आमच्याशी मोडके इंग्रजी बोलू लागली. कारण आम्हांस समजावून सांगण्यास त्यांच्याजवळ दुसरी भाषा नव्हती.

एके दिवशी त्याने आम्हांस वाक्य घातले, "लिजु वेदे गेबेया हेदे." शब्दशः अर्थ: मुलगा, बाजाराकडे, गेला. आम्ही चमकलो. क्रियापद शेवटी! जसे मराठीत, तसेच. मग वर्गातील वह्या पुन्हा उघडल्या. "द बॉय टु द मार्केट वेंट," असे जे वाक्य आम्ही महिनोन्महिने लाल रेघ मारून खोडीत होतो, ते अज्ञान नव्हते. ते त्या मुलाच्या आईची भाषा इंग्रजी शब्दांत बोलत होती. आणि हेच वाक्य याच चुकीने आम्ही आठवीत, या शाळेत लिहिले होते!

त्यानंतर आम्ही व्याख्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी तीन मुले फळ्यापुढे उभी केली आणि तिघांच्या हाती तीन पुठ्ठे दिले: 'मुलगा', 'बाजाराकडे', 'गेला'. प्रथम ती त्यांच्या भाषेप्रमाणे उभी राहिली. मग 'गेला' झालेल्या मुलाचा हात धरून आम्ही त्यास मध्ये आणून उभे केले आणि म्हणालो, "इंग्रजांच्या घरी हा पाहुणा शेवटी बसत नाही, घरधन्याच्या शेजारी बसतो." वर्ग हसला. तो त्या वर्गाचा पहिला हशा. मग दररोज नवी वाक्ये, नवे पुठ्ठे. मुलेच एकमेकांस ओढून जागेवर नेत. मग हीच युक्ती गणिताच्या उदाहरणांस लावली: प्रश्नातील क्रियापद शोधा, ते कोणाचे आहे ते पाहा, मग आकडे मांडा. अमेरिकन सहकारी एकदा दारात उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "मुले कोठे चुकतात ते मला ऐकू येते, का चुकतात ते तुम्हांस कसे कळते?" आम्ही म्हणालो, "आम्ही तेथेच पडलो होतो." त्या दिवसापासून करार झाला: उच्चार आणि संभाषण त्याने शिकवावे, वाक्यरचना आम्ही. त्याने आमचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे केले. आम्ही त्यास पिठले करून घातले.

वर्षअखेर आठवीची सरकारी परीक्षा झाली. सगळी मुले उत्तीर्ण झाली असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नव्हे. निम्म्याहून थोडी अधिक झाली. तो मुलगा झाला, आणि गणितात फार चांगले गुण मिळवून झाला. करार संपला तेव्हा आम्ही आणखी दोन वर्षांसाठी सही केली.

आता किंमत सांगतो. कारण पालक वाचीत आहेत. सन १९७३ च्या पावसाळ्यात घरून तार आली. वडील अत्यवस्थ होते. दरीचा रस्ता, आदिस अबाबा, परवानगी, विमान, या साऱ्या गोष्टी जुळवून आम्ही घरी पोहोचलो तेव्हा नववा दिवस होता. पत्नीने त्यांची पेटी उघडून दाखविली. तीत आमची सारी पत्रे तारखेप्रमाणे लावलेली होती, आणि प्रत्येकीवर त्यांनी आवक क्रमांक घातला होता. जो मुलगा कचेरी सोडून शाळेत गेला, त्याचा बाप निवृत्त होऊन त्याच्या पत्रांचा कारकून झाला होता. हे आम्ही रडल्याशिवाय अजूनही सांगू शकत नाही. परदेशी जाणाऱ्याने पगार, हवा, भाडे यांचा हिशेब मांडताना एक रकाना याही गोष्टीसाठी ठेवावा. तो रकाना कोणासही चुकत नाही.

पुढे १९७४ साल उजाडले. फेब्रुवारीपासून त्या देशात संप व दंगे सुरू झाले. १२ सप्टेंबर रोजी बादशहा हैले सेलासी यांस लष्कराने पदच्युत केले. डिसेंबरात नव्या सरकारने 'झेमेचा', म्हणजे मोहीम, पुकारली: माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील व विद्यापीठातील विद्यार्थी, शिक्षकांसह सुमारे ६० हजार, खेड्यांत पाठवावयाचे, त्यांनी शेतकऱ्यांस अक्षरे शिकवावीत व इतर कामे करावीत. आमचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो आला. भाकरी बांधून आणण्याचेच ते फडके, पण त्यात आता पुस्तके होती. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांस 'गाशे' म्हणतात. तो म्हणाला, "गाशे, पहिल्या दिवशी काय करावे?" आम्ही आत गेलो. वडिलांच्या पुडीतील खडू केव्हाच संपले होते. पण पुडीचा कागद जपून ठेवला होता. त्यात बाजारचे खडू बांधून दिले आणि म्हणालो, "पहिल्या दिवशी त्यांच्याकडून काही तरी शिक. नांगर धरणे शीक. तू चुकलेला त्यांना दिसू दे."

तीन महिन्यांनी त्याचे पत्र आले. त्याच्या वर्गात तीस शेतकरी होते. नांगर धरताना तो पहिल्याच दिवशी पडला आणि सारे गाव हसले. दुसऱ्या दिवसापासून वर्गास गर्दी होऊ लागली. शेवटी एक वाक्य होते, "वुई अंडर द ट्री टीच." सवयीने आमचा हात लाल पेन्सिलीकडे गेला. आम्ही ती खाली ठेवली. ते वाक्य आम्ही आजतागायत दुरुस्त केलेले नाही.

सन १९७५ च्या उन्हाळ्यात करार संपला व आम्ही परतलो. त्यानंतर त्याची आणखी दोन पत्रे आली. १९७७ व १९७८ या वर्षांत त्या देशात फार भयंकर हिंसाचार झाला. 'लाल दहशत' या नावाने तो इतिहासात नोंदला आहे. त्यात शिकलेली तरुण मुले हजारोंनी मारली गेली. आमची पत्रे जात राहिली. उत्तर आले नाही. तो कोठे तरी वृद्ध होऊन नातवंडांस गणित शिकवीत असेल, असे आम्ही समजतो. असे समजण्यास आधार नाही. पण गरज आहे.

येथे परत आल्यावर आम्ही एका तालुक्याच्या शाळेत शिक्षक झालो. वय पस्तीस आणि सेवा शून्य. आमच्याबरोबर कचेरीत लागलेले स्नेही तोवर वरिष्ठ मेजावर बसले होते. निवृत्त झालो तेव्हा त्यांच्या निवृत्तिवेतनात चौदा वर्षांची भर होती, आमच्यात नव्हती. आम्हांस पश्चात्ताप झाला काय? महिन्याच्या एक तारखेस थोडासा होतो. दोन तारखेपासून नाही.

आता शेजारच्या मायलेकांस उत्तर. काळ बदलला आहे. आज पत्रास वीस दिवस लागत नाहीत. आईचा चेहरा रोज यंत्रात दिसतो. पण काही गोष्टी तशाच आहेत. दक्षिण कोरियासारख्या देशात इंग्रजी शिकविण्याचा परवाना मुख्यतः सात इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांसच मिळतो. तेव्हा 'तुझे इंग्रजी कोणाचे?' हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि त्याचे उत्तर तयार ठेवून निघावे. करार स्वतः वाचावा. परत आल्यावर काय करणार, हे जाण्यापूर्वी ठरवावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, आपण कचेरीस कंटाळून निघालो आहोत की शिकविण्याच्या ओढीने, हे ओळखावे. केवळ कंटाळून गेलेल्या माणसाचा कंटाळा विमानात त्याच्या शेजारीच बसतो.

ही ओळख कशी पटावी? आम्ही तरुणास म्हणालो, "राजीनामा एवढ्यात देऊ नकोस. आमच्या ओळखीने एका रात्रीच्या वर्गात सहा महिने शिकव. कामावरून थकून आल्यावरही तेथे जावेसे वाटले, तर मग बोलू." आणि त्याच्या मातोश्रींस म्हणालो, "वहिनी, तो गेलाच तर त्याच्याशी अबोला धरू नका. पुडीत काही तरी बांधून द्या." त्या काही बोलल्या नाहीत. आमच्यावर त्यांचा राग आहे, आणि तो योग्यच आहे.

गेल्या सोमवारपासून तो वर्गास जातो. रविवारी रात्री आमच्याकडे आला होता, चप्पल न काढता दारातच उभा राहिला आणि जरा संकोचून म्हणाला, "आजोबा, पहिल्या दिवशी काय करावे?"

आम्ही त्यास आत बोलाविले.